नऊ दिवसांचं ताक

सावळीराम घर सोडून विहिरीवरच्या मोटारखोलीत राहायला गेला, तेव्हा त्याने सोबत एक खाट, दोन चादरी, ट्रान्झिस्टर आणि साबणाच्या सहा वड्या नेल्या. बायकोला नेलं नाही. अंतर म्हणाल तर ओट्यापासून शेवंतीच्या चार सऱ्या आणि निशिगंधाचा एक वाफा. मखमलाबादच्या बायका नवऱ्यावर रुसून माहेरी जात. वत्सलाचा नवरा तिच्यावर न रुसताच निघून गेला होता, तोही स्वतःच्याच मळ्यात. आता त्याला आणायला जायचं तरी कुठं, आणि समजूत घालायची तरी कशाची?

कारण सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कोणी नसे. दोन हजार तीनच्या दिवाळीआधी त्याचं ऑपरेशन झालं होतं. वर्षभर मूळव्याध समजून ज्यावर लेप लावले, ती गुदाशयातली कॅन्सरची गाठ निघाली. गाठ काढली, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं तोंड काढून दिलं. तिथं पिशवी. "आता जन्मभर हीच," डॉक्टर म्हणाले. सावळीराम "बरं" म्हणाला. घरी आला आणि त्या दिवसापासून त्याने फुलाला हात लावला नाही.

"फुलं देवाला जात्यात," तो म्हणाला. "माझा हात नको."

तीस वर्षं हा माणूस पहाटे मळ्यातून चालत जाताना नुसत्या वासावर सांगायचा, की आज निशिगंध तोडायचा की उद्यावर ठेवायचा. आता तो फक्त पाणी भरायचा. लोडशेडिंग सांभाळून मोटार चालू करायची, खांद्यावर फावडं टाकायचं, दारं धरायचं. दारं धरायचं म्हणजे पाटातलं पाणी वाफ्या-वाफ्यात सोडायचं. एकाचं तोंड मातीने बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. पाण्याला विटाळ नसतो, असं त्याने स्वतःशी ठरवलं असावं.

वत्सला दोन वेळा डबा घेऊन जाई. "ठेव तिथं उंबऱ्यावर," आतून आवाज येई. ती ठेवी. ती वळून शेवंतीपर्यंत पोचली की दार उघडे. पिशवी तो स्वतः बदलायचा, स्वतः धुवायचा. ते पोटावरचं तोंड कसं दिसतं, हे अडीच वर्षांत तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

तिला आठवण यायची ती काही मोठ्या गोष्टींची नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर मोठ्या गोष्टी राहतातच किती? पहाटे फुलं खुडताना ती एका सरीत आणि तो पलीकडच्या सरीत असायचा. अंधारात एकमेकांचं तोंड दिसत नसे, पण बोलणं चालू राही. शेजारच्या विहिरीचं, लेकीच्या सासूचं, कुणाच्या म्हशीचं. फालतू बोलणं. आता पलीकडच्या सरीत मजुरीने आलेली बाई असे आणि ती कानात गाणी लावून खुडायची.

दोन हजार सहाच्या जानेवारीत स्कॅनमध्ये लिव्हरवर दोन ठिपके दिसले. लिव्हरला गेलं म्हणजे संपलं, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. पाहुणे भेटायला येऊ लागले. जो तो मोसंबी घेऊन. मोटारखोलीच्या दारात मोसंब्यांचा एवढा ढीग साचला, की सावळीराम म्हणाला, "मरणाआधी रसवंती टाकून घेतो."

मुंबईचे एक सर्जन दर दुसऱ्या शनिवारी नाशकात तपासायला येत. लासलगावला दिलेली मुलगी सुवर्णा हट्टाने दोघांना तिथं घेऊन गेली. सावळीराम 'घरी न्या' हे ऐकायच्या तयारीने इस्त्रीचा सदरा घालून गेला होता. डॉक्टरांनी कागदावर लिव्हर काढलं.

"ठिपके दोन्ही उजवीकडे आहेत. एक लिंबाएवढा, एक बोराएवढा. उजवा भाग काढून टाकता येईल. पण तुमचा डावा भाग लहान आहे. तेवढ्यावर माणूस निभत नाही. म्हणून आधी उजवीकडे जाणारी रक्ताची मोठी शीर आतून बंद करायची. सगळं रक्त डावीकडे जाईल. पाच आठवड्यांत डावा भाग फुगतो. मग कापायचं."

सावळीराम अडीच वर्षांत पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला.

"म्हंजी दारं बुजवायचं."

"काय?"

"उजव्या वाफ्याचं दारं बुजवायचं. सगळं पाणी डाव्या वाफ्यात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हो. अगदी तेच. मातीच्या जागी आम्ही एक चिकट औषध भरतो."

"आन् कापल्यावर उजवी फांदी परत येती का?"

"नाही. फांदी येत नाही. उरलेलं जाड होतं."

"मग ठीक हाय," सावळीराम म्हणाला. "फांदी येती म्हणला असतात, तर मी उठलो असतो."

डॉक्टर हसले. सुवर्णा हसली. वत्सला हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. इतकं बोलणारा हा माणूस कुठं होता इतके दिवस? त्याच वेळी डॉक्टर बाकीचं सांगत होते, दारू नको, अंगदुखीच्या गोळ्या नकोत, गावठी औषधं नकोत. तिने ते ऐकलं. ऐकलं नाही असं तिला नंतर कधीच म्हणता आलं नाही.

मुंबईत तीन दिवसांत शीर बंद करून झाली. दोन दिवस ताप आला, गेला. सावळीराम परत मोटारखोलीत. आणि मग ते पाच आठवडे.

वत्सलाला नुसतं बसणं कधी जमलं नव्हतं. आत कुठेतरी, दिसत नाही, हाताला लागत नाही, असं काही वाढतंय आणि आपण नुसती वाट बघायची? ती मळ्यातली बाई. पाणी वळवलं हे तिला पटलं. पण खत कुठं घातलं? नुसत्या पाण्यावर कुठला वाफा फुगलाय? या मुंबईच्या माणसाला दारं कळलं, तेही सुवर्णाच्या नानांनी सांगितल्यावर. खताचं त्याला काय कळणार? तिच्या भावाला वीस वर्षांपूर्वी कावीळ झाली होती, तेव्हा हरसूलच्या नवसाबाईच्या मुळीनं तो तीन दिवसांत उठून बसला होता. कावीळ लिव्हरचीच. आणि गावठी औषध म्हणजे ते पत्र्याच्या टपरीतल्या बाबाचं. नवसाबाई काही तसली नव्हती.

बाजाराच्या दिवशी ती त्र्यंबकवरून हरसूलला गेली. घाटात एसटीने दोनदा श्वास घेतला. नवसाबाई आता म्हातारी झाली होती, नागलीच्या राशीपाशी बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू आणि आवाज मात्र खणखणीत.

"मानूस कुठं हाय? डोलं बगल्याबिगर मी देत नाय."

"उठवत नाही हो त्यांच्यानं."

"डोलं पिवलं हायेत?"

वत्सला नागलीकडे बघत म्हणाली, "हळदीसारखे."

"तीन पुड्या. तीन सकाली, उपाशीपोटी, ताकात. चवथी नाय. चवथी दिली त औषध नाय राहत ते."

"मला अजून सहा द्याल का? दीर हाय... आणि भाऊ."

"येका घरात तिघांना कावील?"

"पाणी खराब हाय आमच्याकडं," वत्सला म्हणाली. नाशिकचं, गोदागंगेचं पाणी खराब म्हणायला तिची जीभ अडखळली, पण म्हणाली. सहा पुड्या कशाला मागितल्या हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. असाव्यात. एवढ्या लांब परत कोण येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताकाचा तांब्या घेऊन मोटारखोलीपाशी गेली.

"ठेव तिथं."

"ठेवून चालायचं नाय. डॉक्टरांनी ताक सांगितलंय. जिरेपूड तळाशी बसती. एकीकडं ढवळत एकीकडं प्यायचं."

आत खाट करकरली. मग कडी निघाली. खोलीत साबणाचा वास होता, डेटॉलचा होता आणि खाली आणखी एक. ती उंबऱ्यावर बसली. तो एक घोट घ्यायचा, तांब्या पुढे करायचा, ती चमच्याने ढवळायची, तो परत घ्यायचा. सात-आठ घोटांचं काम. त्याला तिने अर्धा तास लावला.

दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्याच्या आत बसली. तिसऱ्या दिवशी खाटेच्या पायथ्याशी.

"निशिगंध उशिरा तोडताय तुम्ही," तो म्हणाला. "खिडकीतून दिसतंय. कळी उमलायला लागल्यावर तोडून काय उपयोग?"

"मग या की तोडायला."

त्याने तोंड खिडकीकडे केलं. तिला वाटलं संपलं. पण तांब्या पुढे आला. "ढवळ," तो म्हणाला.

तीन पुड्या संपल्या. चौथ्या सकाळी वत्सला चुलीपाशी ताकाचं भांडं पुढ्यात घेऊन बसली. नुसतं ताक नेलं असतं तरी चाललं असतं, खरं तर. पण नुसत्या ताकात ढवळायचं काय? आणि हा माणूस इतका हुशार, तळाशी काही नाही हे पहिल्या घोटात ओळखून 'ठेव तिथं' म्हणणार. तिने चौथी पुडी सोडली.

चौथ्या दिवशी त्याने मोसंब्यांवरून पाहुण्यांची नक्कल केली. पाचव्या दिवशी सुवर्णाच्या सासूची. सहाव्या दिवशी म्हणाला, "तुला आठवतं, लग्नानंतर पहिल्यांदा फुलं खुडलीस तेव्हा देठ ठेवलेच नव्हते? आमच्या आबांनी सगळी टोपली गाईपुढं टाकली."

"आन् तुम्ही हसलात."

"मी कुठं हसलो? मी गाईला म्हटलं, बाई, तुझं नशीब."

सातव्या दिवशी तिने उजाडायची वाट पाहिली नाही, पहाटेच जाऊन बसली. फुलं त्या कानात गाणी घालणाऱ्या बाईवर सोडून.

आठव्या दिवशी खिडकीतून ऊन आलं आणि त्याच्या डोळ्यांवर पडलं. डोळ्यांचं पांढरं होतं ते जुन्या शेवंतीच्या कडेसारखं झालं होतं. वत्सला ढवळायची थांबली.

"काय झालं?"

"काय नाय."

कावीळ झाली. मग काविळीचं औषध द्यायलाच हवं. हे गणित तिने शेवंतीच्या चार सऱ्या ओलांडेपर्यंत तीनदा केलं, तीनदा बरोबर आलं. नवव्या दिवशी तिने नववी पुडी दिली. दुपारी त्याने जेवण परत पाठवलं, वासानेच मळमळतं म्हणाला, आणि तेव्हा कुठे तिला कळलं, की आपण हरसूलला सांगितलेलं खोटं आपण खरं करून आलो आहोत.

शनिवारी मुंबईच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. मग सुवर्णाकडे वळले.

"स्कॅनमध्ये डावा भाग छान वाढलाय. पण लिव्हरची तपासणी फार बिघडली आहे. कावीळ आहे. याचा अर्थ वाढलेला भाग काम करत नाही, किंवा आजार आत पसरलाय. अशा लिव्हरला मी चाकू लावू शकत नाही. लावला तर ते टेबलावरून उठणार नाहीत. दुसरं कुठलं औषध घेतलं का?"

"नाही," सावळीराम म्हणाला. त्याला कुठं माहीत होतं.

"मग आपण केमोथेरपीचा विचार करू. ऑपरेशन आता नाही."

सावळीराम "बरं" म्हणाला. तेच बरं, अडीच वर्षांपूर्वीचं. तो उठायला लागला.

वत्सलाला दोन्ही वाटा लख्ख दिसत होत्या. गप्प राहिलं तर तो परत मोटारखोलीत जाईल, आणि जितके दिवस असतील तितके ती तांब्या घेऊन त्याच्यापाशी बसेल. बोललं तर कदाचित हा वाचेल, पण तिच्या हातचं पाणी पुन्हा पिणार नाही. तिला तो हवा होता. इतका हवा होता, की क्षणभर, एकच क्षण, ती गप्प राहिली. तो क्षण तिने पुढे जन्मात कोणाला सांगितला नाही.

"मी दिलं," ती म्हणाली. "मुळी. हरसूलची. ताकातून. नऊ दिवस."

सुवर्णाने कपाळावर हात मारला. "आई! अगं तू ना..."

"तीनच दिवस सांगितलं होतं देणारीनं. तिचा दोष नाय. तिला मी खोटं सांगितलं."

डॉक्टर ओरडले. चांगले ओरडले, बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली. नवऱ्याला विष पाजलंत, असंही म्हणाले. मग एकदम थांबले, रिपोर्ट परत उचलला, तारखा बघितल्या.

"शेवटची पुडी कधी?"

"बुधवारी."

"म्हणजे हे लिव्हरचं स्वतःचं दुखणं नसेलही." ते खुर्चीत मागे टेकले. "मावशी, तुम्ही मला आज जेवढा राग आणलात, तेवढाच धीरही दिलात. तीन आठवडे थांबू. उतरलं तर ऑपरेशन करू. ठिपके तेवढ्यात वाढायला नकोत म्हणजे झालं. आणि ताक बंद."

रिक्षात सावळीराम बाहेर बघत होता. मळ्यात पोचल्यावर तो सरळ मोटारखोलीत गेला. दार लावताना म्हणाला, "जेवण सुवर्णाच्या हातनं पाठव."

सुवर्णा तीन आठवडे माहेरी राहिली. वत्सला स्वयंपाक करायची, सुवर्णा डबा घेऊन जायची, उंबऱ्यावर ठेवायची. "नाना काही म्हणाले?" वत्सला विचारायची.

"म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे."

"मग स्वयंपाक मीच केलाय हे त्यांना कळतंय."

"आई, मीठ कमी कोण घालतं हे सगळ्या मखमलाबादला कळतं."

रक्त तपासायला सुवर्णाच घेऊन जायची. पहिल्या आठवड्यात उतरलं नाही. दुसऱ्यात थोडं उतरलं. तिसऱ्यात सुवर्णाने नाशकातूनच फोन केला आणि नुसतं "आई, उतरलं" म्हणाली. वत्सला फोन ठेवून शेवंतीत जाऊन उभी राहिली. लिंबाएवढा ठिपका आता थोडा मोठं लिंबू झाला होता, पण उजवीकडचा उजवीकडेच होता.

मुंबईला निघायच्या सकाळी जीप ओट्यापाशी आली. सावळीराम सामानाच्या पिशव्या ठेवत होता. वत्सला पाण्याची बाटली भरून उभी होती, कोणाच्या हातात द्यावी ते कळत नव्हतं.

"कडू होतं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"काय?"

"ताक. पहिल्या दिवसापासनं. जिरं कधी एवढं कडू असतंय का?"

"मग बोलला का नाय?"

त्याने पिशवीचा बंद दोनदा बांधला, दोनदा सोडला. "बोललो असतो, तर तू ताक आणायचं बंद केलं असतंस," तो म्हणाला आणि जीपमध्ये पुढे जाऊन बसला. बाटली त्याने मागे हात करून घेतली.

ऑपरेशन सात तास चाललं. उजवं लिव्हर काढलं. वत्सलाला ते ट्रेमध्ये दाखवायला बोलावलं, ती गेली नाही. सुवर्णा गेली आणि बाहेर येऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाच दिवस तो आयसीयूत होता. सहाव्या दिवशी वॉर्डात आणला तेव्हा उजव्या कुशीपासून छातीखाली टाक्यांची आडवी रांग होती आणि हात इतके थरथरत होते, की पाण्याचा पेला धरता येत नव्हता.

आठव्या दिवशी केरळची सिस्टर गरम पाण्याचं भांडं आणि नवी पिशवी घेऊन आली.

"बाबा के हाथ में ताकत नहीं है," ती म्हणाली. "दो महीना कोई और करेगा. घर में कौन करेगा? मैं सिखाती हूँ."

सुवर्णाने पदर खोचला. वत्सला पडद्याबाहेर जायला वळली. सवयच ती, शेवंतीपर्यंत जायची.

"हिला दाखवा," सावळीराम म्हणाला.

"तेच तर, मी बघते नाना..."

"तुला नाय. तिला."

वत्सला पडदा हातात धरून उभी राहिली. मग आली. सिस्टरने चादर बाजूला केली, जुनी पिशवी सोडवली. पोटावर ते तोंड होतं. लालबुंद, ओलं, डाळिंबाच्या कळीएवढं. अडीच वर्षं या एवढ्याशा गोष्टीने तिचं घर अडवून धरलं होतं. तिला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल.

सावळीराम छताकडे बघत होता.

"वास येतोय ना?"

"येतोय," ती म्हणाली. "हात बाजूला घ्या, मला दिसत नाय."

तिने कापूस कोमट पाण्यात पिळला आणि भोवतीची कातडी पुसली, कडेकडेने, वरून खाली. सिस्टर हिंदीत सांगत होती, सुवर्णा मराठीत सांगत होती आणि वत्सलाला दोन्ही ऐकू येत नव्हतं. कातडीवर त्याच्या नखांचे जुने ओरखडे होते. एकट्याने, घाईत, आरशात बघून बदलताना पडलेले असणार.

नव्या पिशवीच्या चकतीला मधोमध त्या तोंडाच्या मापाचं गोल भोक कापायचं असतं. सिस्टरने कात्री तिच्या हातात दिली आणि माप आखून दिलं. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, की दर तीन महिन्यांनी स्कॅन, निदान दोन वर्षं, आणि नंतरचं नंतर बघू. घरी गेल्यावर तो कुठं राहणार, हे त्याने सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. विचारावं असं फार वाटत होतं. तिने कात्री चालवली.

"थोडं मोठं काप," सावळीराम छताकडेच बघत म्हणाला. "मी कापायचो ते आवळायचं."

"मग इतकी वर्षं आवळत कशाला ठेवलंत?"

"मला कापता येत नव्हतं नीट."

"मग सांगायचं," वत्सला म्हणाली, आणि चकती डोळ्यांजवळ धरून पुन्हा कापायला लागली.